आधी होतं तसंच द्या

बेअरिंग कसं निवडावं याचं एक मोठं शास्त्र आहे. शाफ्टवर भार किती येतो, तो आडवा येतो की शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, मिनिटाला फेरे किती, जागा तापते किती, धूळ-पाणी किती, बेअरिंग किती तास टिकायला हवं, या सगळ्याची उत्तरं काढायची आणि मगच कॅटलॉग उघडायचा. भाईंदर पूर्वेच्या नवघर रोडवर या शास्त्राचं सार चार शब्दांत काढून ठेवलेलं आहे : ‘आधी होतं तसंच द्या.’

नवघर रोडवरून जरा आत शिरलात की गाळ्यांच्या रांगा लागतात. त्यांतल्या कित्येकांत स्टीलची भांडी तयार होतात. तुमच्या घरी आहेरात आलेल्या आणि अजून खोक्यातून बाहेर न पडलेल्या डब्यांचा जन्म यांपैकीच एखाद्या गाळ्यात झाला असण्याची दाट शक्यता आहे. 1985 मध्ये नगरपालिका आली, 2002 मध्ये महानगरपालिका आली, मिठागरांच्या शेजारी टॉवर आले. गाळ्यांतली मशीनं मात्र ठणठणत राहिली.

असाच एक गाळा माझ्या मेव्हण्याचा आहे. त्यात पॉलिशचं मशीन आहे. खाली मोटर, वर शाफ्ट, दोघांमध्ये पट्टा आणि शाफ्टच्या दोन टोकांना कापडाची दोन चाकं. फिरत्या चाकावर पातेलं दाबून धरलं की त्यात माणसाचं तोंड दिसू लागतं. ते धरणाऱ्याचं तोंड मात्र संध्याकाळपर्यंत ओळखू येईनासं होतं, इतकी काळी धूळ उडते. या शाफ्टला ज्या दोन बेअरिंगांनी तोलून धरलेलं आहे, ती दर थोड्या दिवसांनी जातात. इथे कुणी ‘बेअरिंग खराब झालं’ म्हणत नाही. ‘गेलं’ म्हणतात, आणि म्हणताना आवाजही तसाच लावतात.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यात फिरणाऱ्या गोष्टींशी माझा संबंध खुर्चीपुरता. पण मेव्हण्याच्या मते मला इंग्रजी वाचता येतं आणि दिवसभर काम नसतं, आणि सुटे भाग खरेदी करायला या दोन पात्रता पुरतात. ‘भावोजी, तुमच्यासारखा शिकलेला माणूस गेला की दुकानदार फसवत नाही,’ असं तो म्हणतो. ‘भावोजी’ या शब्दात इतका मान भरलेला असतो की नाही म्हणायला जागाच उरत नाही.

बेअरिंग गेलं की आधी निदान होतं. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनच्या हाउसिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि फॅमिली डॉक्टरने छाती तपासावी तसे डोळे मिटतो. यात हसण्यासारखं काही नाही. चांगला फिटर असा कान लावून खरोखर सांगू शकतो की आतल्या गोळ्या सरळ पळताहेत की खड्ड्यांतून. अडचण अशी की आमच्याकडे ऐकणारे पुष्कळ.

‘उजवीकडचं गेलं,’ मिस्त्री म्हणाला.

‘छे, डावीकडचं,’ शेजारच्या गाळ्याचे शेठ म्हणाले. ते नेमके अशा वेळी येतात.

‘दोन्ही गेली,’ चहा घेऊन आलेला पोरगा म्हणाला. त्याने तर कानही लावला नव्हता.

मग मला ऐकायला सांगण्यात आलं. मला माझ्या रक्तदाबाचा आवाज ऐकू आला. मी ‘हं’ म्हणालो. ‘हं’ प्रत्येकाला आपल्याच बाजूचं वाटतं.

दोन्हीच गेली होती. चहावाल्या पोराला तेव्हापासून गाळ्यात मान आहे.

बेअरिंग काढायला पुलर नावाचं तीन पायांचं हत्यार असतं. ते आमच्याकडे आहे, म्हणजे शेजारच्या शेठकडे आहे, म्हणजे त्यांनी ते ज्यांना दिलं त्यांच्याकडे असावं. त्यामुळे छिन्नी आणि हातोडा. हातोडा पडतो तो बरोबर बेअरिंगच्या कडेवर, जिथे कंपनीने नंबर कोरलेला असतो. बेअरिंग बाहेर येतं तेव्हा जगातली सगळी माहिती त्याच्यावर असते, फक्त नंबर नसतो.

‘आता कुठलं आणायचं?’ मी विचारलं.

‘आधी होतं तसंच,’ मिस्त्री म्हणाला.

‘आधीचं कुणी ठरवलं होतं?’

‘आधीच्या मिस्त्रीने.’

‘त्याने कशावरून ठरवलं?’

‘त्याच्या आधीचं होतं ना, त्यावरून.’

ही परंपरा मागे मागे नेली तर, माझा अंदाज, आपण अशा एका दुपारी पोचू की जेव्हा मशीन बनवणाऱ्याने आपल्या पोऱ्याला हाक मारून ‘कपाटात काय पडलंय ते लाव’ असं सांगितलं असेल. त्या दुपारचा आम्ही आजवर आदर करत आलो आहोत.

बेअरिंगची दुकानं नवघरातही आहेत. पण मेव्हण्याचा हुकूम नागदेवीचा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडची नागदेवी स्ट्रीट म्हणजे हत्यारं, नटबोल्ट, पट्टे आणि बेअरिंग यांचं आगर. तिथे दोन पैसे कमी पडतात. रेल्वेचं तिकीट, वडापाव, सरबत आणि अर्धा दिवस यांचा हिशोब मेव्हणा वेगळ्या वहीत ठेवतो. ती वही मी कधी पाहिलेली नाही.

तर गेलेलं बेअरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून मी चर्चगेट लोकल पकडतो. वर्तमानपत्र ग्रीस शोषतं, पिशवी वर्तमानपत्राकडून शोषते आणि बोरिवलीपर्यंत पिशवीकडून शेजाऱ्याची पँट. ‘काय आहे हो यात?’ असं एकाने विचारलं. ‘बेअरिंग गेलं,’ मी सांगितलं. त्याला आडनावासारखं काहीतरी ऐकू आलं असावं, कारण त्याने ‘अरेरे’ म्हणून मला खिडकीची जागा दिली.

नागदेवीच्या काउंटरवर मी ‘अंकल’ होतो. ‘नंबर?’ काउंटरवरचा मुलगा विचारतो. घासला गेलाय म्हटलं की तो त्या काळ्या गोळ्याला व्हर्नियर लावतो, आत एकदा, बाहेर एकदा, रुंदीला एकदा, आणि मान वर न करता म्हणतो, ‘बासष्ट-शून्य-पाच.’

हे नंबर फार शहाणे असतात. 6205 मधला 6 म्हणजे खोल खोबणीत गोळ्यांची एकच रांग. 2 म्हणजे अंगकाठी. आणि शेवटच्या 05 ला पाचाने गुणलं की भोकाचा व्यास, 25 मिलिमीटर. बाहेरचा व्यास 52, रुंदी 15. तेच भोक पण हडकुळं हवं तर 6005, धष्टपुष्ट हवं तर 6305. पाचाचा पाढा बँकेतल्या माणसाला येतोच, म्हणून मी काउंटरवर कोपर टेकून मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, ‘म्हणजे 6203 चं भोक 15.’

‘सतरा,’ मुलगा म्हणाला.

तर हा पाढा 04 पासून पुढे चालतो. त्याच्या खाली 03 म्हणजे 17, 02 म्हणजे 15, 01 म्हणजे 12 आणि 00 म्हणजे 10. तेही बरोबरच. पाढा शेवटपर्यंत चालवला असता तर 6200 बिनभोकाचं विकावं लागलं असतं.

पण मला थक्क करणारी गोष्ट वेगळीच. हा नंबर सगळ्या जगाने मान्य केलेला आहे. जयपूरला झालेलं 6205, चिंचवडला झालेलं 6205 आणि जपानात झालेलं 6205 एकमेकांच्या जागी निमूट बसतात. आमच्या गाळ्यात एकाच दिवशी झालेल्या दोन पातेल्यांची झाकणं एकमेकांवर बसत नाहीत.

नंबर कळला की संपलं असं वाटतं, पण मुलगा खरा प्रश्न त्यानंतर विचारतो : ‘झेडझेड की टूआरएस? सी-थ्री दूँ?’

झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती आतल्या रिंगला टेकत नाहीत, बारीक फट राहते. बेअरिंग हलकं फिरतं आणि बारीक धूळ आत जाते. टूआरएस म्हणजे रबराची सील. ती टेकते, थोडी घासते, थोडी तापते, पण धुळीला दार उघडत नाही. पॉलिशच्या खोलीत कुठलं हवं हे सांगायला कॅटलॉग लागत नाही, तिथल्या कारागिराचं तोंड बघितलं तरी पुरे. तरी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झेडझेड. का? आधी होतं.

सी-थ्रीची गंमत तर औरच. बेअरिंगमध्ये गोळ्या आणि रिंगा यांच्यात केसापेक्षा बारीक मोकळीक असते. शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवलं किंवा ते चालता चालता तापलं की आतली रिंग फुगते आणि ती मोकळीक खाऊन टाकते. म्हणून काही ठिकाणी आधीच जरा जास्त मोकळीक ठेवलेलं बेअरिंग घेतात, ते सी-थ्री. एवढंच. पण नवघरात सी-थ्री म्हणजे ‘हेवी’. शेजारच्या शेठना मी एकदा समजावून सांगितलं की हे वजनाचं नाही, सैलपणाचं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग सी-फोर अजून हेवी असेल ना?’

सी-फोर असतं, आणि ते अजून सैल असतं. त्यांनी तेच मागवलं.

मग येतो दर. काउंटरखालून तीन खोकी वर येतात. एक ‘ओरिजिनल’, एक ‘ओरिजिनल जैसा’ आणि तिसरं ‘चल जाएगा’. मधल्याचा खोका सर्वांत देखणा असतो. खऱ्या कंपनीला बेअरिंग बनवण्याचाही खर्च असतो, या मंडळींना सगळं लक्ष छपाईवर देता येतं. या नकली मालाला मोठमोठ्या कंपन्या इतक्या कावल्या आहेत की खोक्याचे आणि मालाचे फोटो काढून खात्री करून घ्यायची सोय त्यांनी मोबाइलवर दिलेली आहे. मी फोन काढून फोटो घ्यायला लागलो तसा मुलगा मधला खोका आपोआप मागे घेऊ लागला. ‘अंकल, वो आपके लिए नहीं है,’ असं तो मायेने म्हणाला.

मेव्हण्याला फोन लावला. ‘काय घेऊ? ओरिजिनल?’

‘ओरिजिनलच घ्या,’ मेव्हणा म्हणाला. ‘मधल्याच्या भावात.’

यानंतरचा भाग बेअरिंगच्या दृष्टीने फार वाईट. शाफ्ट वर्षानुवर्षं झिजलेला, त्यामुळे नवं बेअरिंग त्यावर सैल बसतं. यावर नवघरात दोन उपाय आहेत. एक, शाफ्टवर पंचाने टोचे मारून तो जागोजागी फुगवायचा. दोन, शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घालायचा. आमच्या मिस्त्रीचा दुसऱ्या उपायावर विश्वास आहे, आणि कुठल्या पेयाचा पत्रा चांगला याबद्दल त्याची ठाम मतंही आहेत. एका पेयाचा पत्रा पातळ असतो म्हणून तो मला दुसरं प्यायला लावतो.

घट्ट बसणाऱ्या बेअरिंगला गरम करून फुगवायचं आणि अलगद सरकवायचं ही रीत खरी आहे. त्याला साधारण 100 अंशांच्या आसपास उष्णता पुरते, वडा तळायला लागते त्याहून बरीच कमी. हा फरक मिस्त्रीला मान्य नव्हता. त्याने एकदा सीलबंद बेअरिंग समोरच्या वडेवाल्याच्या कढईत सोडायचा प्रस्ताव मांडला. आतली ग्रीस तेलात जाईल असं मी म्हणालो. वडेवाल्याला हे ऐकू गेलं आणि तो विषय तिथेच मिटला.

मग हातोडा. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसवायचं तर जोर आतल्या रिंगवर द्यायचा असतो. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर तो सगळा दणका गोळ्यांमधून आत जातो, खोबणीत गोळ्यांएवढे खळगे पडतात, आणि बेअरिंग पहिल्या फेऱ्यापासून खडखडतं. मिस्त्री बाहेरच्या रिंगवर ठोकतो, कारण ती मोठी आहे आणि नेम चुकत नाही.

शेवटी ग्रीस. टूआरएस बेअरिंगमध्ये कंपनीने मोजून भरलेली ग्रीस असते. आतल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असली तरी भागतं. ठासून भरली तर गोळ्या ती घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं. एकदा टूआरएस आणलं तेव्हा मिस्त्रीने सुई घालून सील उचकटली, आत बोटाने ग्रीस भरली, सील पुन्हा दाबली. तापल्यावर त्याने समोर टेबल फॅन लावला. फॅनचं बेअरिंग किरकिरत होतं.

एवढ्यात मी घरी एक पुस्तक वाचलं आणि गाळ्यात जाऊन भाषण केलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला एक कापडगिरणी होती. तिच्या खाली चिकणमाती. इमारत हलायची, त्यामुळे लांबच लांब शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग जायची. तिथल्या स्वेन विंगक्विस्ट नावाच्या तरुण इंजिनिअरने वैतागून असं बेअरिंग शोधलं की शाफ्ट थोडा तिरका झाला तरी त्याच्या आतल्या दोन रांगांतल्या गोळ्या स्वतःच तिरक्या होऊन जुळवून घेतात. 1907 साली त्याचं पेटंट आणि त्याच साली एसकेएफ ही कंपनी. ‘आपलीही जमीन खाजणाची,’ मी म्हणालो, ‘आपलाही शाफ्ट वाकडा. आणि बघा, या जातीतलं 1205 अगदी 6205 च्याच मापाचं असतं.’ मी ते विकत आणलंही होतं. खिशातून काढून मी ते मिस्त्रीच्या हातावर ठेवलं.

मिस्त्रीने आतली रिंग बोटाने हलवली. ती डुलली. ती डुलावी म्हणूनच तर विंगक्विस्टने रात्री जागवल्या असतील.

‘साहेब, डिफेक्टिव्ह आहे,’ मिस्त्री म्हणाला.

‘अरे, ते मुद्दाम—’

‘फसवलं तुम्हाला. नवं असून हलतंय. आणि धूळ जाईल बघा, झाकणही नाही.’

झाकणाचा मुद्दा बिनतोड होता. मी गोथेनबर्गमधल्या धुळीची चौकशी करायला हवी, असं म्हणून बेअरिंग खिशात ठेवलं. मेव्हणा मधेच म्हणाला, ‘त्या माणसाकडे नागदेवी नव्हती, म्हणून एवढं करावं लागलं त्याला.’

तरी ही बेअरिंग इतक्या लवकर जातात का, हा प्रश्न राहिलाच. मी कागद घेऊन बसलो. बेअरिंगचं आयुष्य मोजायचं सूत्र सोपं आहे : बेअरिंगची क्षमता भागिले प्रत्यक्ष भार, आणि त्याचा घन. उत्तर दशलक्ष फेऱ्यांत येतं. 6205 ची क्षमता साधारण 14 किलोन्यूटन. शाफ्टवर त्याच्या दहाव्या हिश्श्याचा भार, म्हणजे सुमारे 140 किलो, आला तर आयुष्य हजार दशलक्ष फेरे. मिनिटाला 2,800 फेरे आणि रोज दहा तास धरले तर जवळजवळ सहाशे दिवस. मेव्हणा खूश झाला. पण भार दुप्पट झाला की आयुष्य अर्धं होत नाही, एक-अष्टमांश होतं. सहाशेचे पंचाहत्तर दिवस.

‘पण भार दुप्पट कशाने होईल?’ मेव्हण्याने विचारलं.

आम्ही दोघांनी एकदम मिस्त्रीकडे पाहिलं. तो पट्टा ताणत होता. पट्टा सरकला की काम थांबतं, म्हणून तो येता-जाता पट्टा ताणतो. बोटाने छेडला तर षड्ज लागेल इतका. मोटर आणि शाफ्ट दोन्ही त्या पट्ट्याने एकमेकांकडे ओढली जात होती आणि सगळी ओढ बेअरिंग सोसत होती.

‘आणि एक,’ मी वाचून दाखवलं. ‘हे आयुष्य शंभरातल्या नव्वद बेअरिंगांचं. दहा त्याच्या आत गेली तरी हिशोब बरोबर.’

मेव्हणा बराच वेळ गप्प होता. ‘म्हणजे दहा जाणार हे कंपनीला ठाऊक असतं?’

‘असतं.’

‘मग ती दहा वेगळी काढून नवघरला कशाला पाठवतात?’

शेवटी टर्नरकडून मापात नवा शाफ्ट करून घेतला. रबरी सीलवाली बेअरिंग, न उचकटता. आतल्या रिंगवर बसेल असा पाइपचा तुकडा कापला आणि त्यावरून बसवली. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर दबेल इतकाच ठेवला. मशीन सुरू केलं. काही ऐकू आलं नाही. मिस्त्रीने स्विच पाहिला, मग मोटरला हात लावला, मग मला विचारलं, ‘करंट आहे ना?’ चाक फिरत होतं, तरी त्याचं समाधान होईना. पूर्वी आवाजावरून तो रस्त्यावर चहा पितापिता सांगायचा की मशीन चालू आहे. आता त्याला चहा सोडून आत येऊन बघावं लागतं. नव्या बेअरिंगविरुद्ध ही त्याची मुख्य तक्रार आहे. पट्ट्याकडे तो अजून अधूनमधून आशेने पाहतो.

परवा शेजारचे शेठ आले. ‘तुमचं मशीन हल्ली ऐकू येत नाही. बेअरिंग कुठलं टाकलंत?’

मी याचीच वाट पाहत होतो. मी शाफ्टच्या मापापासून सुरुवात केली. सील, मोकळीक, पाइपचा तुकडा, पट्ट्याचा ताण, घनाचं सूत्र, सगळं क्रमाने सांगितलं. मध्ये थोडी चिकणमातीही आली.

‘ते असू दे हो,’ शेठ म्हणाले. ‘कंपनी कुठली?’

‘कंपनीचा प्रश्नच नाही, शेठ. पट्टा जर—’

‘बरं, खोका कुठल्या रंगाचा होता?’

‘निळा,’ मी म्हणालो.

‘वाटलंच मला!’ त्यांनी तिथूनच पोऱ्याला हाक मारली. ‘ए, आत्ताच्या आत्ता नागदेवीला निघ. दोन बेअरिंग आण. निळ्या खोक्यातली.’

‘नंबर काय सांगू?’ पोऱ्याने विचारलं.

शेठ माझ्याकडे वळले. ‘तुमचा काय नंबर होता, साहेब?’